परिचयातलं शेवटचं वाक्य

गारखेड्यातल्या एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘पानपोई’ नावाचं वाचनालय आहे, पण तिथं गेलात तर पुस्तकं दिसायची नाहीत. पुस्तकं पिशव्यांतून येतात, पानपान स्कॅन होऊन वेबसाइटवर चढतात आणि आपापल्या घरी परत जातात. कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या वारलेल्या वडिलांची, एखाद्या शाळेनं रद्दीत काढलेली. पगार तिथं कुणालाच नाही. कॉलेजातून निवृत्त झालेले सुदर्शन सर सगळं सांभाळतात आणि रविवारी सात-आठ जण जमून काम करतात.

त्यांतली विशाखा पुस्तकांचे परिचय लिहायची. वाळूजच्या एका कंपनीत ती डिस्पॅचला होती. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरायची आणि मोबाइलवर पानपोईचं पुस्तक उघडायचं, हा तिचा शिरस्ता. ती यायच्या आधी जवळजवळ प्रत्येक पुस्तकाखाली एकच ओळ असे : ‘वाचनीय व संग्राह्य ग्रंथ’.

“संग्राह्य म्हणजे काय सर? लोणचं आहे का बरणीत भरून ठेवायला?” तिनं पहिल्याच रविवारी विचारलं होतं. सर हसले आणि म्हणाले, “मग तूच लिही.”

तिनं लिहायला घेतलं. पुस्तकात काय आहे, ते कुणाच्या कामाचं आहे, भाषा सोपी की अवघड, आणि काय सापडणार नाही, एवढं पाच-सहा वाक्यांत. शेळीपालनाच्या एका जुन्या पुस्तकाखाली तिनं लिहिलं : ‘रोगांची लक्षणं चित्रांसह, सोप्या भाषेत दिली आहेत. औषधांची नावं मात्र फार जुनी आहेत. जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.’ एका स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली लिहिलं : ‘ज्वारी-बाजरीचे पदार्थ भरपूर. मांसाहारी पदार्थ नाहीत.’ लोकांना ते आवडलं. पुस्तक उघडण्याआधी लोक परिचय वाचू लागले, आणि सर भेटेल त्याला सांगू लागले की आमच्या विशाखाचे परिचय बघा.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग मेघाची मेल आली.

मेघा ही एम.ए. करणारी मुलगी, विद्यापीठाच्या बाजूला खोली करून राहणारी. तिच्या आजीचं माहेर कन्नड तालुक्यातलं सावळटाकळी. तिनं लिहिलं होतं : ‘तुमच्या वेबसाइटवर “सावळटाकळीचा संपूर्ण इतिहास” या पुस्तकाखाली “गावाच्या सर्व अंगांची माहिती” असं लिहिलंय. माझी आजी तिथल्या भीमनगरची. मी आठवडाभर ते जाडजूड पुस्तक वाचलं. आमच्या वस्तीचं नावसुद्धा एकदा आलं नाही. “सर्व अंगांची” असं लिहिण्याआधी कुणी पुस्तक वाचलं होतं का?’

परिचय जुना होता, पुस्तकाच्या मलपृष्ठावरून कुणीतरी उतरवलेला. विशाखानं पुस्तक वाचायला घेतलं. लेखक नानासाहेब, त्याच गावचे मोठे बागायतदार, ऐंशीच्या घरातले. त्यांनी स्वतःच परवानगी देऊन पुस्तक पाठवलं होतं. विशाखाला वाटलं होतं की कंटाळवाणं असेल, पण ते तसं नव्हतं. गावची पायऱ्यांची बारव कशी बांधली, निजामाच्या काळात वसुली कशी व्हायची, आठवडी बाजार कुठून कुठं सरकला, हे सगळं माणसानं मन लावून लिहिलं होतं. बारवेच्या प्रकरणापायी तर परतीच्या वेळी तिची उतरायची जागा चुकता चुकता राहिली. बैलांवर एक आख्खं प्रकरण होतं. हौश्या नावाच्या बैलाचा पानभर फोटो होता, त्याचे दात, त्याची चाल, तो मेला तेव्हा कोण कोण रडलं, सगळं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाचंही प्रकरण होतं. त्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं होती. त्यांचा उल्लेख ‘मजूर’ असा होता. एकाचंही नाव नव्हतं.

विशाखानं नवा परिचय लिहिला. बारवेचं, बाजाराचं, निजामकाळाचं कौतुक केलं, मनापासून केलं. भाषा ओघवती आहे, जुने शब्द शेवटी समजावून दिले आहेत, गावाचा अभ्यास करणाऱ्यानं वाचावंच, असं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं : ‘नावात “संपूर्ण” असलं तरी गावातल्या बौद्ध वस्तीविषयी या पुस्तकात काहीही नाही, ती माहिती शोधणाऱ्यांना ती इथं मिळणार नाही.’

दोन दिवसांनी सुदर्शन सरांचा फोन आला.

“विशाखा, परिचय उत्तम झालाय. तेवढं शेवटचं वाक्य काढून टाक.”

“का सर? चुकीचं आहे का?”

“चुकीचं नाही गं. पण परिचयात पुस्तकात काय आहे ते लिहायचं. काय नाही ते कशाला? गणिताच्या पुस्तकाखाली ‘यात कविता नाहीत’ असं लिहितो का आपण?”

“गणिताच्या पुस्तकात कविता शोधायला कुणी येत नाही सर. आणि त्या स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली मी ‘मांसाहारी पदार्थ नाहीत’ असं लिहिलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, फार उपयोगाचं वाक्य आहे.”

सर आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, नानासाहेबांचा मुलगा सोमनाथ आपल्याला स्कॅनर देतोय. मोठा, पुस्तकं स्कॅन करायचा खास. वडिलांच्या नावानं. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. त्यानं ते वाक्य वाचलंय. मला म्हणाला, तुमच्याकडं कोण बाई आहे ती, तिनं जातीचं मधे आणलं.”

“मी आणलं?” विशाखा म्हणाली. “सर, मी लेखकाचं आडनाव बघून ते वाक्य लिहिलेलं नाही. पुस्तक वाचून लिहिलंय. मी काढणार नाही.”

“मग मला काढावं लागेल.”

“काढा. मी परत टाकीन.”

आणि तसंच झालं. सरांनी संध्याकाळी वाक्य काढलं. विशाखानं सकाळी वाळूजच्या बसमध्ये बसून परत टाकलं. सरांनी परत काढलं. तिनं चहाच्या सुट्टीत परत टाकलं. कुणी कुणाला फोन केला नाही. हे तीन-चारदा झाल्यावर एका सकाळी तिचं लॉगिन चालेनासं झालं. पासवर्ड तिनं दोनदा नीट टाकून पाहिला. मग तिच्या लक्षात आलं. बसमधल्या बाया गप्पा मारत होत्या, कुणी डबा काय आणला म्हणून विचारलं, आणि तिनं मोबाइल पिशवीत टाकून चेन ओढून घेतली. तिनं एवढे परिचय लिहिले होते, दर रविवार तिथं घातला होता, आणि सरांनी तिला एका शब्दानं न सांगता दार लावून घेतलं होतं.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं. भामाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते गाव आपलं हाय का?”

“नाय.”

“आपलं कुणी सोयरं तिथं?”

“कुणीच नाय.”

“मग तू कशाला भांडती?”

“आपलं असतं अन् भांडले असते, तर चाललं असतं का?”

भामाबाईंचा मेथीवरचा हात थांबला. “तवा तर म्हणले असते, हिच्या घरचंच हाय म्हणून बोंबलती,” त्या म्हणाल्या. मग देठं बाजूला सारून म्हणाल्या, “कसंबी केलं तरी बोलणारच हायेत. भांड मग. पण रडत येऊ नको घरी.”

“मी रडत नाय.”

“व्हय, दिसतंय ना.”

रविवारी कार्यक्रमाला विशाखा गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि रविवार हा तिचा तिथं यायचा वार होता. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध टेबलावर नवाकोरा स्कॅनर, त्याला झेंडूचा हार. नारळ, शाल, पेढ्यांचा डबा. सुदर्शन सरांनी तिला पाहिलं आणि ते पेढ्यांच्या डब्याशी उगाच काहीतरी करू लागले. विशाखा मागच्या रांगेत बसली. शेजारी सोनिया होती, दर रविवारी पानं उलटायला येणारी. ती हळूच म्हणाली, “ताई, आज नका काही बोलू. कार्यक्रम आहे.”

“मी बसायला आलेय,” विशाखा म्हणाली.

नानासाहेब आले ते मुलाचा हात धरून. पांढरं धोतर, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. अंग थकलेलं, पण आवाज खणखणीत. नारळ फुटला, शाल झाली, सोमनाथनं दोन शब्द बोलून घेतले. मग सरांनी मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, “नानासाहेबांच्या ग्रंथाचा आमच्या वेबसाइटवरचा परिचय वाचून दाखवतो.” बारवेपासून त्यांनी सुरुवात केली आणि ‘गावाचा अभ्यास करणाऱ्यानं वाचावंच’ इथं येऊन थांबले. टाळ्या वाजल्या.

नानासाहेबांनी टाळी वाजवली नाही. “झालं?” त्यांनी विचारलं.

“हो, झालं.”

“सोमनाथ तर म्हनला, अजून एक वाक्य हाय म्हणून.”

सोमनाथ घाईनं पुढं झाला. “नाना, ते काढलंय. तो विषय संपला.”

“मला न इचारता लिहिलं अन् मला न इचारताच काढलं व्हय?” नानासाहेब म्हणाले. “माझं पुस्तक हाय. मला ऐकायचंय. कुणी लिहिलं ते?”

विशाखा उभी राहिली.

“मी लिहिलं. विशाखा माझं नाव.” आणि तिनं ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं. इतक्यांदा टाइप केलं होतं की एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

नानासाहेबांनी चष्मा सारखा करून तिच्याकडे पाहिलं. “पोरी, वीस वर्षं घातली मी त्या पुस्तकात. हैदराबादेला जाऊन कागद काढले. उर्दू येत नव्हती तर मौलवी साहेबांकडं बसून ते वाचून घेतले. अन् तू एका वाक्यात त्याला बट्टा लावला.”

“तुमचे कष्ट मी लिहिलेत नानासाहेब. पाच वाक्यं लिहिलीत, ती आत्ताच सरांनी वाचली. ती मी खोटी लिहिलेली नाहीत. बारवेचं प्रकरण मी दोनदा वाचलं. पण मग सहावंही खोटं नाही.”

“मला तिथली माहिती नव्हती. नसलेली माहिती कशी लिहू? मी त्या वस्तीत कधी गेलो नाय. त्या काळी कुणी जात नव्हतं.”

“ती माणसं तुमच्याकडं येत होती ना?” विशाखानं विचारलं. “शेतात, गोठ्यात, कामाला?”

“येत व्हती की. रोज येत व्हती.”

“मग तुम्हाला जायची गरजच नव्हती. हैदराबादेला तर नव्हतीच. ती तुमच्या दारात उभी होती. नुसतं नाव विचारायचं होतं. हौश्या बैलाला कुणी वैरण घातली, तो मेला तेव्हा त्याला कुणी ओढून नेलं, एवढं तरी.”

बोलताना तिचा आवाज कापत होता. तो कापतोय याचा तिला राग आला, आणि त्या रागानं तो स्थिर झाला.

नानासाहेबांचं तोंड किंचित उघडलं. त्यांनी काठीवरची मूठ बदलली. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, असं विशाखाला वाटलं. कदाचित एखादं नावच ओठांवर आलं असेल. पण तेवढ्यात सोमनाथ उसळला.

“सुदर्शन सर, म्हाताऱ्या माणसाला बोलावून हे ऐकवायचं होतं का? शाल घालायची अन् जोड्यानं हाणायचं? या मॅडमना आत्ताच्या आत्ता माफी मागायला सांगा, नायतर मी मशीन उचलतो.”

सगळे सरांकडे बघू लागले. सर विशाखाकडे बघत होते.

“सर, मला माफी मागायला सांगू नका,” विशाखा म्हणाली. “मी मागणार नाही. लॉगिन बंद केलंत, ठीक. मी दर रविवारी इथं येऊन बसणार. जो कुणी विचारेल, त्या पुस्तकात काय आहे, त्याला तोंडी सांगणार. पाच वाक्यं चांगली आणि एक हे.”

“चला नाना,” सोमनाथ म्हणाला.

त्यानं खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी मिळून स्कॅनर उचलला. हार तसाच लोंबत राहिला. जिना अरुंद, त्यात अंधार. सुदर्शन सरांनी पुढं होऊन जिन्यातला दिवा लावून दिला. नानासाहेब सगळ्यांत शेवटी उतरले.

खोलीत झेंडूच्या पाकळ्या आणि पेढ्यांचा डबा राहिला. सोनियानं डोक्याला हात लावला. “गेलं मशीन.”

सुदर्शन सर कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. चष्मा पुसला. बराच वेळ एका बोटानं काहीतरी टाइप करत राहिले. मग म्हणाले, “विशाखा, इकडं ये. ‘वस्तीविषयी’मधला ‘वि’ ऱ्हस्व की दीर्घ?”

“ऱ्हस्व.”

“हां. टाकलंय.” पडद्यावर ते वाक्य होतं, पाचांच्या खाली. तिच्याकडे न बघताच सर म्हणाले, “मी फार शूर माणूस नाही गं. तो म्हणाला तसं मी केलं असतं, कदाचित. पण मशीन गेलंच आहे, आता वाक्य तरी राहू दे. लॉगिन चालू केलंय.”

विशाखाला हसू आलं आणि रागही आला. “पुढच्या वेळी बंद करायच्या आधी मला सांगाल?”

“सांगेन.”

“आणि मग बंद करणार?”

“नाही करणार.”

तिला तेवढं पुरलं नाही, पण त्या दिवसापुरतं तिनं ते धरलं.

मशीन गेल्यामुळं काम जुन्याच पद्धतीनं चाललं : लाकडी स्टँडवर मोबाइल, खाली पुस्तक, एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा. बोटं दुखायची. सोमनाथनं तालुक्यात सांगितलं की पानपोईवाले जातीयवादी आहेत. दोन घरांनी देऊ केलेली पुस्तकं परत मागून घेतली. विशाखानं ती नीट बांधून दिली.

महिन्याभरानं त्या पुस्तकाखालच्या वाचकांच्या चौकटीत एक ओळ आली : ‘सदर वस्तीची माहिती ग्रंथलेखनाच्या वेळी उपलब्ध होऊ शकली नाही. – लेखक.’ मेघा भडकली. तिचा फोन आला. “ताई, उपलब्ध होऊ शकली नाही म्हणे! उडवा ते.”

“नाय उडवायचं,” विशाखा म्हणाली. “त्यांचं म्हणणं त्यांच्या नावावर हाय. वाचणाऱ्याला कळतंय की. पण मेघा, माहिती उपलब्ध नाही म्हणतात तर आपण करू ना. तुझ्या आजीच्या माहेरी कोण आहे आता?”

तशा त्या दोघी एस.टी.नं सावळटाकळीला गेल्या, मग परत गेल्या, मग जातच राहिल्या. भीमनगरात मुक्ताबाई नावाची म्हातारी होती. ती बोलायला लागली की बाकीच्या बाया गोळा व्हायच्या आणि मधे मधे तिला खोडून काढायच्या. दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं, बारवेवर पाणी कधी आणि कसं मिळालं, बुद्धविहाराची पहिली विटांची भिंत कुणाकुणाच्या रोजंदारीवर उभी राहिली, हे सगळं मेघानं मोबाइलवर रेकॉर्ड करून टाइप केलं. छोटं पुस्तक झालं. पानपोईवर चढलं. परिचय अर्थातच विशाखानं लिहिला. आणि त्याच्या शेवटी लिहिलं : ‘या आठवणी आहेत. सालं बहुतेक ठिकाणी दिलेली नाहीत, आणि पुरुषांच्या आठवणी फारच कमी आहेत.’

मेघानं तो परिचय भीमनगरात वाचून दाखवला. पुढच्या खेपेला विशाखा ओट्यावर टेकते न टेकते तोच मुक्ताबाईनं तिला धारेवर धरलं.

“काय गं, आमच्यात बी खोट काढली व्हय? कमी हाय म्हणून लिहिलं? आपली म्हणून तुला चहा पाजला, अन् तू हे केलं?”

“आजी, सालं नाहीतच ना त्यात. उद्या कुणी पोरगी सालं शोधत आली, तर तिचा वेळ जाईल.”

“काढून टाक ते.”

“नाय काढणार.”

मेघानं विशाखाचा दंड धरला. मुक्ताबाई तिच्याकडे रोखून बघत राहिली. विशाखानं नजर खाली घातली नाही. शिवना नदीला पूर आला तेव्हा लेक पोटात होती की कडेवर, असं काहीतरी म्हातारी स्वतःशीच पुटपुटू लागली, बोटांवर काहीतरी मोजू लागली, आणि मग तिनं आतल्या घराकडं तोंड करून हाक मारली, “धोंडिबा! भाईर ये. साल सांगायचंय या पोरींना. लई शहाण्या झाल्यात.”

आतून एक म्हातारा बनियन ओढत बाहेर आला आणि ओट्याच्या कडेला टेकला. विशाखानं मोबाइल काढून मधे ठेवला.

“हं,” ती म्हणाली, “सांगा.”